कोपरीची खाडी आणि रोहित पक्षी

इसवी सनापूर्वीं ३२५ या वर्षीं अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस सिंधूच्या मुखांतून निघून मकराणच्या किनाऱ्यानें पश्चिमेकडे जात असतां समुद्रांतून पाण्याचे मोठमोठे फवारे उसळतांना दिसले. ते देवमाशांचे आहेत असें वाटाड्यांनीं सांगतांच खलाशांच्या हातांतून वल्हीं गळून पडलीं. निआर्कसनें त्यांस धीर दिला, गलबतें युद्धाच्या थाटांत उभीं केलीं आणि आरोळ्या मारीत व रणशिंगें फुंकीत ताफा पुढें घातला. देवमासे बुडी मारून दिसेनासे झाले आणि ताफ्याच्या मागें पुनः वर आले. हा प्रसंग एरियन या इतिहासकारानें लिहून ठेवला आहे.

जलचर दिसतांच आरडाओरड करावी, ही त्या काळची रीत होती. आतां त्यास पाहण्यासाठीं माणूस पैसे देऊन नावेंत बसतो आणि यंत्र बंद करून श्वास रोखून वाट पाहतो. २०१५ सालीं सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळ निळा देवमासा व त्याचें पिलू संशोधकांच्या नजरेस पडलें, ती वार्ता लोकांनीं कौतुकानें वाचली. ठाण्याच्या पूर्व भागांतील कोपरीच्या काठाशीं देवमासा येत नाहीं. तेथील पाणी उथळ आहे. परंतु माणसाच्या दृष्टींतील हा पालट, आणि त्याबरोबर त्याची जबाबदारीही, या खाडीच्या इतिहासांत स्पष्ट दिसते.

ठाण्याची खाडी साष्टीस मुख्य भूमीपासून वेगळी करते. उत्तरेस एका अरुंद ओघानें ती उल्हास नदीशीं जोडलेली आहे. दक्षिणेस सुमारें २६ किलोमीटर जाऊन ती मुंबई बंदरांत मोकळी होते. रस्ते कच्चे होते तोंपर्यंत ही खाडी हाच हमरस्ता होता. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो यानें ठाण्याच्या राज्याचें व तेथील कातडें व कापड यांच्या व्यापाराचें वर्णन केलें. पुढें पोर्तुगीज आले. १७३७ सालीं मराठ्यांनीं त्यांजपासून ठाणें घेतलें आणि १७७४ च्या अखेरीस तें इंग्रजांच्या हातीं गेलें. ज्याच्या हातीं ठाणें त्याच्या हातीं साष्टीचें दार, हें तिघांसही ठाऊक होतें. कोपरीचें मीठबंदर तर आपल्या नांवांतच जुना व्यवहार सांगतें. मिठागरें, मचवे आणि कोळ्यांचीं जाळीं यांनीं हा काठ गजबजलेला असे. निवटी, बोई, कोलंबी आणि चिंबोरी यांवर कोळीवाड्यांचा संसार चाले, आणि तिथीवरून भरतीची वेळ सांगणें हें तेथील पोरासोरांसही अवघड वाटत नसे.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोहोंचली. पुढच्याच वर्षीं खाडीवर पूल होऊन गाडी कल्याणास गेली. व्यापार पाण्यावरून रुळांवर चढला आणि हळूहळू शहरानें खाडीकडे पाठ फिरविली. १९६० नंतर पूर्व काठावर ठाणें-बेलापूर पट्ट्यांत कारखाने उभे राहिले. त्यांचें सांडपाणी, वाढत्या वस्त्यांचें मैलापाणी आणि भरावाची माती खाडीनें निमूटपणें पोटांत घेतली. गाळ सांचला, पात्र उथळ झालें, आणि कोळ्यांचीं जाळीं हलकीं येऊं लागलीं.

अशा या उपेक्षित पाण्यावर १९९४ च्या सुमारास रोहित पक्षी मोठ्या संख्येनें उतरूं लागले. भारतांत हे पक्षी नवे नव्हते. कच्छच्या रणांतील त्यांची वीण पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनीं १९४५ सालीं स्वतः जाऊन पाहिली होती. मुंबई-ठाण्याच्या दारीं मात्र असा मेळा पूर्वीं भरत नसे. येथें येणाऱ्यांत धाकट्या रोहिताची संख्या अधिक. हा पक्षी मान खालीं घालून चोंच उलटी पाण्यांत बुडवितो. जिभेच्या हालचालीनें पाणी आंत ओढलें जातें, चोंचीच्या कडांवरील बारीक जाळीवाटे बाहेर टाकलें जातें, आणि सूक्ष्म निळेंहिरवें शेवाळ तेवढें आंत राहतें. त्याच शेवाळांतील रंगद्रव्यांनीं त्याच्या पिसांस गुलाबी छटा येते. निळा देवमासाही सागराचें पाणी असेंच गाळून आपलें अन्न मिळवितो. तीस मीटरांच्या घरांतील त्या प्रचंड देहाची आणि मीटरभर उंचीच्या या पक्ष्याची युक्ति तत्त्वतः एकच आहे.

हें शेवाळ नत्र व स्फुरद यांवर पोसतें, आणि मैलापाण्यांत हीं द्रव्यें विपुल असतात. म्हणून अनेक अभ्यासकांचें मत असें कीं, रोहित येथें आले ते खाडी निर्मळ होती म्हणून नव्हे, तर ती मळली म्हणून. ज्या घाणीनें कोळ्याचें ताट रिकामें केलें, तिनेंच रोहिताचें ताट वाढलें. पाहुण्यांच्या या शोभेवरून घरची स्थिति उत्तम आहे असा निष्कर्ष काढणें मोठें चुकीचें होईल. शिवाय शेवाळास पोसणारा मैला मर्यादेपलीकडे गेला म्हणजे पाण्यांतील प्राणवायु आटतो, आणि कारखान्यांचीं विषारी द्रव्यें अन्नावाटे पक्ष्यांच्या देहांत उतरतात.

६ ऑगस्ट २०१५ रोजीं महाराष्ट्र शासनानें येथील सुमारें १६९० हेक्टर क्षेत्र रोहित अभयारण्य म्हणून घोषित केलें. त्यांत ८९६ हेक्टर तिवरांचें रान असून उरलेलें पाणी आहे. २०१७ सालीं कोपरीच्या दक्षिणेस, पलीकडच्या काठावर ऐरोली येथें किनारी व सागरी जैवविविधता केंद्र उघडण्यांत आलें आणि पुढें तेथून पक्षीदर्शनाच्या नावा सुटूं लागल्या. २०२२ सालीं ही खाडी रामसर यादींत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादींत, समाविष्ट झाली.

हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत हा हंगाम चालतो. नावेची वेळ घड्याळ ठरवीत नाहीं, भरती ठरविते. पूर्ण ओहोटींत नाव चिखलांत रुतते. पूर्ण भरतींत चिखल बुडून पक्षी पांगतात. मधल्या वेळीं नाव तिवरांच्या कडेनें निघते. खांबांवर कुरव बसलेले असतात, सुरय पाण्यावर सूर मारतात, चिखलावर तुतारींची लगबग चालते. पुढें दूरवर एक फिकट गुलाबी रेघ दिसते. नावाडी यंत्र बंद करतो. नावेंतील बोलणें आपोआप थांबतें. मग त्या रेघेंतून मान, पाय आणि चोंच वेगवेगळीं होऊं लागतात. थवा उठला म्हणजे पंखांखालचा लाल व काळा रंग एकदम उघडतो, आणि त्यामागें शहराच्या उंच इमारती उभ्या असतात.

त्या नावेंत बसणाऱ्या शहरवासीयानें हेंही ध्यानांत ठेवावें कीं, त्याच्या घरचें पाणी याच खाडीस मिळतें. खाडी निर्मळ झाल्यास रोहित टिकतील काय, आणि न झाल्यास कोळी टिकतील काय, हे दोन प्रश्न दिसावयास विरुद्ध आहेत. परंतु दोहोंचा मार्ग एकच आहे. मैलापाणी शुद्ध करूनच सोडावें, विषारी द्रव्यें अजिबात सोडूं नयेत, तिवरें व चिखलाचीं मैदानें भरावाखालीं गाडूं नयेत. मग थवे थोडे लहान झाले तरी चालेल. मीठबंदराच्या काठीं जाळें पुनः जड येऊं लागणें, ही त्या खाडीच्या आरोग्याची अधिक खरी खूण ठरेल.