ब्रिगेडियर उस्मान : सोबत्यांच्या आठवणीतला सेनापती

दिल्लीत जामिया मिल्लिया इस्लामियाच्या कब्रस्तानात एका सेनापतीची कबर आहे. ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान, महावीर चक्र. ३ जुलै १९४८ रोजी झंगडच्या आघाडीवर तोफगोळा पडून ते शहीद झाले. छत्तिसावा वाढदिवस अवघ्या बारा दिवसांवर आला होता. त्यांच्या अंत्यविधीला पंतप्रधान नेहरू आपल्या मंत्रिमंडळासह हजर होते.

आपल्याकडे उस्मान यांचे नाव निघते ते बहुधा एकाच कारणासाठी. कुणी मुसलमानांच्या देशनिष्ठेवर बोट ठेवले की आपण घाईघाईने दोन नावे पुढे करतो : ब्रिगेडियर उस्मान आणि अब्दुल हमीद. वर्गात मुलेही हेच करतात. नाव पाठ असते, पण तो माणूस कसा होता हे विचारले तर पुढे काही सांगता येत नाही. तो माणूस भेटतो तो त्याच्याबरोबर लढलेल्यांच्या आठवणींत.

त्यांचा जन्म १५ जुलै १९१२ चा, आझमगढ जिल्ह्यातल्या बीबीपूरचा. वडील बनारसला कोतवाल होते. मुलगा इंग्लंडला सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात गेला आणि पुढे बलुच रेजिमेंटमध्ये अधिकारी झाला. १९४७ मध्ये देशाबरोबर फौजही वाटली गेली. बलुच रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्याला गेली. बहुतेक मुसलमान अधिकारी तिकडे गेले. उस्मान यांनाही तिकडे मोठ्या पदाचे आमिष दाखवले गेले, असे सांगतात. ते गेले नाहीत. आपली रेजिमेंट सोडून ते भारतात राहिले आणि डोग्रा रेजिमेंटमध्ये दाखल झाले.

१९४७ च्या अखेरीस पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडची सूत्रे त्यांच्याकडे आली. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पॅराशूट बटालियन याच ब्रिगेडमध्ये होती. म्हणजे आपल्या सातारा-कोल्हापूरकडच्या जवानांचा हा सेनापती. २५ डिसेंबर १९४७ रोजी झंगड शत्रूच्या हाती गेले. मीरपूर आणि कोटलीकडून येणारे रस्ते इथे मिळतात, त्यामुळे झंगड गेल्यावर पुढचा घाव नौशेऱ्यावर बसणार हे उघड होते. उस्मान यांनी शपथ घेतली की झंगड परत घेईपर्यंत खाटेवर झोपणार नाही. जम्मूच्या त्या डोंगराळ मुलखात, ऐन कडाक्याच्या थंडीत, ब्रिगेडचा प्रमुख जमिनीवर चटई टाकून झोपू लागला.

लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा तेव्हा मेजर होते. जनरल करिअप्पा यांच्याबरोबर ते नौशेऱ्याला गेले होते. पुढे त्यांनी त्या भेटीची आठवण सांगितली आहे. निघताना करिअप्पा उस्मान यांना म्हणाले, मला तुमच्याकडून एक भेट हवी आहे, कोटचे ठाणे घ्या. कोट ही नौशेऱ्यावर नजर ठेवणारी उंच जागा. उस्मान यांनी मोहिमेला नाव दिले ‘किपर’. ते करिअप्पांचे सैन्यातले लाडके टोपणनाव होते. १ फेब्रुवारीला कोट हाती आले. पाचच दिवसांनी, ६ फेब्रुवारीला, नौशेऱ्यावर हजारोंचा हल्ला आला. कोट शत्रूकडेच असते तर नौशेरा टिकणे अवघड होते. त्याच दिवशी तैनधारच्या चौकीवर नाईक जदुनाथसिंह लढता लढता पडले. त्यांना परमवीर चक्र मिळाले.

नौशेरा वाचले आणि उस्मान देशभर ‘नौशेऱ्याचा शेर’ झाले. डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल कलवंतसिंह यांनी पत्रकारांसमोर सगळे श्रेय त्यांना दिले. उस्मान यांनी त्यांना निषेधाचे पत्र लिहिले. हे श्रेय माझे नाही, लढलेल्या आणि पडलेल्या जवानांचे आहे, असा त्याचा आशय होता. वरिष्ठाने केलेल्या कौतुकाबद्दल त्यालाच निषेध कळवणारे अधिकारी किती निघतील?

सोबत्यांच्या आठवणीत लढाईइतक्याच इतर गोष्टीही आहेत. नौशेऱ्यात निर्वासितांची गर्दी होती आणि धान्य कमी. उस्मान यांनी जवानांना मंगळवारी उपवास करायला सांगितले आणि वाचलेला शिधा लोकांना दिला, असे सांगतात. पोरक्या मुलांची त्यांनी बालसेना उभी केली. त्यांच्या शिक्षणाची सोय केली. हीच मुले गोळीबारात निरोप पोहोचवत. त्यांच्यातल्या तिघांना नेहरूंच्या हस्ते सोन्याची घड्याळे मिळाली. उस्मान स्वतः अविवाहित होते. पगारातला मोठा हिस्सा गरीब मुलांवर खर्च होई.

मार्चमध्ये झंगड परत मिळाले. शपथ पुरी झाली, पण ब्रिगेडच्या मुख्यालयात एकही खाट नव्हती! सोबत्यांनी जवळच्या गावातून एक खाट मागून आणली आणि त्या रात्री सेनापती खाटेवर झोपला. मला ही आठवण सर्वांत मोलाची वाटते. प्रमुखच जमिनीवर झोपतो म्हटल्यावर मुख्यालयात खाट ठेवणार कोण?

डिसेंबर २०२० मध्ये उस्मान यांच्या कबरीची नासधूस झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा लष्कराने ती दुरुस्त करून घेतली. ३ जुलैला पॅराशूट ब्रिगेड त्यांची आठवण काढते. फौज आपला माणूस विसरली नाही. प्रश्न आपला आहे. उस्मान आपल्या निष्ठेचा दाखला म्हणून जन्मले नव्हते, आणि दाखल्यासारखे खिशात बाळगून वेळ येईल तेव्हा काढण्याएवढे ते लहानही नाहीत. मुलांना त्यांचे नाव सांगाल तेव्हा ते पत्र, तो मंगळवार आणि मागून आणलेली खाटही सांगा. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो.