लोणार सरोवर: क्षारांची नावे आणि जीवांची ओळख

बुलढाणा जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. तथापि खाऱ्या पाण्यातील जीवसृष्टीच्या अभ्यासकास सागराइतकेच मोलाचे एक स्थळ या जिल्ह्यात आहे. ते म्हणजे लोणारचे सरोवर होय. अशनिपाताने बेसाल्ट खडकात निर्माण झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात ते वसले आहे. समुद्राच्या पाण्याचा सामू आठच्या आसपास असतो. लोणारच्या पाण्याचा तो दहाच्या घरात नोंदला गेला आहे.

या स्थलनामातच 'लवण' शब्दाचे 'लोण' हे रूप दडलेले आहे. येथील क्षार काढणाऱ्या लोकांनी त्यांचे दल्ला, पापडी, भुस्की असे भेद केले होते. नाव देणे म्हणजे भेद ओळखणे. परंतु जे जीव डोळ्यांस दिसत नाहीत, त्यांस लोकभाषेत नाव मिळणे शक्य नव्हते. १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली; त्यानंतर दीर्घकाळ चर्चा चालली ती प्रामुख्याने विवराच्या उत्पत्तीची आणि क्षारांची.

सूक्ष्मजीव ओळखावयाचे तर ते प्रयोगशाळेत वाढवावे लागत, आणि बहुसंख्य जीव तेथे वाढतच नाहीत. १९७७ साली कार्ल वूज व जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधील आरएनएची तुलना करून 'आर्किया' हा जीवाणूंहून भिन्न असा वंश दाखवून दिला. पुढे याच आरएनएचे जनुक पाण्यातून वा गाळातून थेट वेगळे करून वाचता येऊ लागले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील डॉ. योगेश शौचे व त्यांचे सहकारी यांनी २००६ साली लोणारचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. सागरी कासवांच्या समूहांचे परस्परसंबंधही जनुकांच्या अशाच तुलनेने उलगडतात.

या ज्ञानाचे महत्त्व जून २०२० मध्ये प्रत्ययास आले. सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा त्याचे कारण क्षारप्रिय आर्कियांचे रंगद्रव्य असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखविले. हा विकार नव्हता. सरोवराच्या मूळ रहिवाशांचेच ते प्रकटन होते.

२०२० सालीच लोणारला रामसर स्थळाचा दर्जा लाभला. परंतु केवळ काठ राखून हे सरोवर राखले जाणार नाही. गोड्या पाण्याचा व सांडपाण्याचा ओघ वाढल्यास पाण्याचे क्षारगुण मंदावतील आणि हे जीव निमूटपणे नाहीसे होतील. त्यांच्या जनुकांची नियतकालिक नोंद ठेवली, तरच काय हरपत आहे हे वेळीच कळेल.