म्हशाच्या वाटेवरचा मुक्काम

बैल घ्यायचा तर म्हशाच्या जत्रेतच, हा आमच्या आज्याचा कायदा. पौष पौर्णिमेच्या सुमाराला शहापूरहून निघायचं, किन्हवली, सरळगाव करत मुरबाड गाठायचं आणि पुढं म्हसा. फडक्यात तांदळाच्या भाकरी नि सुक्या बोंबलाची चटणी. ती संपली की वाटेत जो ‘या पाव्हणं’ म्हणेल त्याच्या ओटीवर मुक्काम. “बैल बघाया जातात का गप्पा हाणाया, देवालाच ठावं,” असं आजी म्हणायची.

त्यातली एक जत्रा १९४३ ची की पुढच्या सालची, यावर घरात अजून दोन मतं आहेत. आजी सांगायची, त्या खेपेला बैल आणलाच नाही; आत्या म्हणते, आणला होता, तांबडा. पण आजा गप्प गप्प परतला, यावर दोघींचं एकमत.

मुरबाडपुढच्या एका ओटीवर त्याला सिद्धगडाची हकिगत कळली होती. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे हॉल साहेबाच्या पोलिसांनी भूमिगत क्रांतिकारकांच्या आझाद दस्त्याला जंगलात गाठलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथंच गेले. कोतवाल माथेरानचे, शिकलेले वकील, वय अवघं तीस. सावकाराच्या कचाट्यातून शेतकरी सुटावा म्हणून त्यांनी धान्यकोठारं काढली होती. बेचाळीसच्या चळवळीत मुंबईच्या गिरण्यांची वीज तोडायला त्यांच्या दस्त्यानं विजेचे मनोरे पाडले.

आमच्या घरात तेव्हा रॉकेलची चिमणी. मनोरा म्हणजे काय, हेही आज्याला धड ठाऊक नसणार. त्याच्या मनात राहिली ती ओटीवरची म्हातारी. भाकर वाढता वाढता ती थांबली नि म्हणाली, “त्यांनापन अशीच दिलती.” माथेरान, सिद्धगड, कोतवाल, यातलं काहीच आज्याचं नव्हतं, पण त्या घरचं मीठ खाल्लं आणि ते दुःख त्याचंही झालं.

आता आपण मोटारीनं तासा-दीड तासात मुरबाड ओलांडतो. पाणी आपलं, डबा आपला, परतीची वेळ ठरलेली. कुणाच्या ओटीवर टेकायची गरजच उरली नाही, मग कोण कशाला काही सांगेल?

सिद्धगडाला हुतात्म्यांचं स्मारक आहे; दर २ जानेवारीला तिथं माणसं पहाटे जमतात. गड चढायला जाल तेव्हा पायथ्याच्या गावात जेवण सांगा, त्याचे पैसे द्या, आणि हात धुतल्या धुतल्या उठू नका.