शेवाळ खाणारे मासे : लहान टाकीसाठी कोणता घ्यावा?

टाकीच्या काचेवर हिरवा थर चढू लागला, की मासे विकणारा बहुतेक वेळा एकच उपाय सुचवतो : "एक सकर टाका, सगळं साफ करेल." काचेला तोंडाने चिकटून बसणारा हा बोटभर, काळपट मासा स्वस्त असतो आणि दिसायलाही गमतीशीर. पण घरातल्या लहान टाकीसाठी याच्याइतकी चुकीची निवड दुसरी नाही.

सकर, म्हणजेच प्लेको, हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला मासा. पूर्ण वाढला की तो एक फुटाच्या पुढे जातो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी काठोकाठ भरली तरी तिच्यात जेमतेम ५५ लिटर पाणी मावते. तिथे त्याला धड वळताही येत नाही. शिवाय मोठा सकर शेवाळापेक्षा इतर माशांच्या खाद्यावरच ताव मारतो आणि इतकी घाण करतो, की शेवाळाला उलट खतच मिळते. मग वैतागून लोक त्याला नदीत किंवा तलावात सोडतात. अंगावर कडक कवच असलेला आणि हवा गिळून घाण पाण्यातही तगणारा हा मासा तिथे फोफावतो. उजनीच्या मच्छीमारांना तो चांगलाच ठाऊक आहे. जाळ्यात येतो, जाळे खराब करतो आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. नको झाला तर दुकानदाराला परत द्या, पण बाहेरच्या पाण्यात सोडू नका.

सोनेरी रंगाचा 'चायनीज अल्गी ईटर'ही टाळावा. लहानपणी तो गुणी असतो. वाढल्यावर भांडखोर होतो आणि दुसऱ्या माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडू लागतो.

मग घ्यायचा कोणता? ओटोसिंक्लस, म्हणजे 'ओटो'. लांबी सुमारे ४ सेंटीमीटर, स्वभाव गरीब. याला एकट्याने ठेवू नये, निदान पाच-सहा एकत्र हवेत. मात्र नव्या टाकीत तो उपाशी मरतो. टाकी काही महिने जुनी असावी आणि तिच्यात थोडे शेवाळ असावे. घेताना पोट बघा. आत गेलेल्या पोटाचा ओटो सहसा वाचत नाही. घरी आणल्यावर काकडीची चकती किंवा उकळत्या पाण्यातून काढलेले पालकाचे पान द्यावे आणि उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी काढून टाकावा.

टाकी तीन फुटी असेल तर ब्रिसलनोज प्लेको चालतो. तो १२-१३ सेंटीमीटरवर थांबतो. त्याला चघळायला लाकडाचा तुकडा लागतो.

एक फुटी टाकीत खरे तर मासा नकोच, नेराइट गोगलगाय बरी. ती पांढरी अंडी चिकटवते, पण गोड्या पाण्यात त्यांतून पिल्ले वाढत नाहीत. फक्त तांबे असलेली औषधे टाकीत घालू नका, ती गोगलगायींना मारक असतात.

निळसर-हिरवा, वास येणारा चिकट थर मात्र यांपैकी कोणीही खात नाही. ते शेवाळ नसून जिवाणू असतात.

मासा आणण्याआधी एक करून पाहा. टाकी खिडकीच्या उन्हातून हलवा, दिवा रोज सहा-सात तासच लावा, खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच टाका आणि दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला. काचेवरचा थर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने सहज निघतो.