घरगुती शीतकपाट : स्थलांतर व दोषनिवारण

शीतकपाट अर्थात फ्रिज हे अन्नपदार्थ कमी तापमानात टिकवून ठेवणारे घरगुती विद्युत उपकरण आहे. घर बदलताना ते कसे हलवावे आणि नीट चालेनासे झाल्यास दोष कसा ओळखावा, याची माहिती या लेखात दिली आहे. स्थलांतरानंतरच्या कित्येक तक्रारी घाई, अयोग्य जागा किंवा सदोष वीजजोडणी यांतून उद्भवतात व त्या घरच्या घरी दूर करता येतात. शीतक वायूच्या बंदिस्त नळ्यांतील बिघाड मात्र तंत्रज्ञाकडेच सोपवावा लागतो.

कार्यपद्धती

शीतकपाटाच्या मागे तळाशी कॉम्प्रेसर असतो. तो वायुरूप शीतकावर दाब देतो. तापलेला हा वायू पाठीमागील किंवा बाजूंच्या भिंतींतील नळ्यांतून जाताना उष्णता बाहेर टाकतो व द्रवरूप होतो. पुढे अतिशय बारीक नळीतून गेल्यावर त्याचा दाब उतरतो आणि बर्फाच्या कप्प्यालगतच्या नळ्यांत त्याची पुन्हा वाफ होताना आतील उष्णता शोषली जाते. कॉम्प्रेसरच्या तळाशी वंगणतेल असते आणि त्यातील मोटर स्प्रिंगांवर तोललेली असते. वाहतुकीविषयीचे महत्त्वाचे नियम या दोन गोष्टींमुळेच पाळावे लागतात.

स्थलांतरापूर्वी

आदल्या दिवशी वीज बंद करून शीतकपाट रिकामे करावे व बर्फ आपोआप वितळू द्यावा. सुरी वा पेचकसाने बर्फ खरवडल्यास ॲल्युमिनियमच्या पातळ नळीस छिद्र पडून वायू निघून जाऊ शकतो. मागील तबकातील पाणी ओतून टाकावे. काचेचे कप्पे व भाजीचा खण काढून वेगळे गुंडाळावेत आणि दार पट्ट्याने बांधावे.

वाहतूक

शीतकपाट शक्यतो उभेच न्यावे आणि जिन्यावरून नेताना ४५ अंशांहून अधिक कलवू नये. दाराची मूठ किंवा मागील जाळी धरून ते उचलू नये. आडवे करणे अटळच असेल, तर पाठीवर न टाकता कुशीवर ठेवावे. कोणती बाजू वर असावी, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहावे. आडव्या अवस्थेत तेल नळ्यांत शिरते. ते परत खाली उतरण्यापूर्वी वीज दिल्यास कॉम्प्रेसर निकामी होऊ शकतो. म्हणून उभे आणल्यास काही तास आणि आडवे आणल्यास शक्यतो एक दिवस ते तसेच उभे राहू द्यावे.

नवी जागा

जागा सपाट, हवेशीर आणि शेगडी व उन्हापासून दूर असावी. उष्णता बाहेर पडण्यासाठी मागे व बाजूंना मोकळी जागा सोडावी. पुढील पाय किंचित उंच ठेवल्यास दार आपोआप मिटते. जोडणी अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये करावी. आतील तापमान सुमारे ४ अंश सेल्सियसपर्यंत उतरल्यावरच अन्न ठेवावे.

सामान्य तक्रारी

• दिवाही लागत नाही : प्रथम सॉकेट, प्लग व वीजपुरवठा तपासावा.
• दिवा लागतो, पण यंत्र सुरू होत नाही : तापमानाची कळ बंद स्थितीत नाही ना, हे पाहावे. विजेचा दाब कमी असल्यासही असे होते. वीज गेल्यावर लगेच आल्यास नळ्यांतील दाब समान होईपर्यंत कॉम्प्रेसर सुरू होऊ शकत नाही. काही मिनिटे थांबावे.
• गारवा कमी : मागील जाळीवरील धूळ, दाटीवाटीने भरलेले कप्पे किंवा सैल रबरी पट्टी ही कारणे असू शकतात. दारात कागद धरून दार लावावे. तो सहज ओढला गेल्यास तेथील पट्टी सैल आहे.
• आत पाणी साचते : मागील भिंतीच्या तळाचे निचऱ्याचे छिद्र तुंबलेले असते. ते कोमट पाण्याने मोकळे करावे.
• आवाज वाढला : पाय असमान आहेत का, तबक हलते का, नळी भिंतीला टेकते का, हे पाहावे.

बाजूंच्या भिंती कोमट लागणे व आतून खळखळ ऐकू येणे हे मात्र दोष नव्हेत.

सुरक्षितता

शीतकपाटास हात लावताच झिणझिण्या आल्यास मुख्य कळ बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावे. आर-१२ या जुन्या शीतकाने ओझोन थरास हानी पोहोचत असल्यामुळे १९८७ च्या माँट्रियल करारान्वये त्याचा वापर टप्प्याटप्प्याने थांबविण्यात आला. आजच्या अनेक शीतकपाटांतील आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन हा वायू ज्वालाग्राही आहे. नळी फुटल्याची शंका आल्यास खिडक्या उघडाव्यात, ज्योत पेटवू नये व जवळची बटणे दाबू नयेत.

वीज गेल्यास दार न उघडता आतील अन्न साधारण ४ तास सुरक्षित राहते. त्यानंतर दूध, मांस, शिजवलेले पदार्थ यांबाबत केवळ वासावर विसंबू नये.

जुने शीतकपाट

टाकून दिलेल्या शीतकपाटात खेळता खेळता मुले अडकून गुदमरल्याच्या घटना घडल्या आहेत. त्यामुळे अमेरिकेत १९५६ साली, दार आतून उघडता आलेच पाहिजे, असा कायदा झाला. जुने शीतकपाट वापरातून काढताना त्याचे दार काढून ठेवावे. भारतात शीतकपाटाचा समावेश ई-कचऱ्यात होतो. त्यामुळे ते अधिकृत संकलन केंद्राकडे द्यावे.