जुनी होडी घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर

पेडण्याच्या उत्तरेला तेरेखोल नदी, दक्षिणेला शापोरा; डिचोलीला मांडवी. त्यामुळे आपल्या सभासदांपैकी कोणी ना कोणी अधूनमधून जुनी होडी घेण्याचा विचार करतो. मुलाला धंद्याला लावण्यासाठी साठवलेली रक्कम त्यात जाते. म्हणून ही माहिती एकत्र दिली आहे. सूत्र एकच: होडी एकदा पाण्यात आणि एकदा जमिनीवर पाहावी, कागद त्याआधी पाहावेत.

कागदपत्रे
मच्छीमारी होडीची नोंदणी व परवाना मत्स्योद्योग खात्याकडे असतो. प्रवासी व मालवाहू होड्यांसाठी बंदर कप्तान खाते आहे. नोंदणीपत्रावरील नाव विकणाऱ्याचेच आहे का, होडीवरील क्रमांक व इंजिनावर कोरलेला क्रमांक कागदाशी जुळतो का, हे स्वतः पाहावे. होडी किंवा इंजिन कर्जाला तारण असेल तर बँकेचा 'येणे बाकी नाही' दाखला घेतल्याशिवाय इसारही देऊ नये. नोकरीत असताना असे एक प्रकरण पाहिले होते. होडीचे पूर्ण पैसे मोजले गेले, पण इंजिनावर बोजा होता. घेणाऱ्याला दुसऱ्याचे कर्ज फेडावे लागले. अनुदानातून घेतलेल्या इंजिनाच्या विक्रीवर अटी असू शकतात, म्हणून मंजुरीपत्र मागावे.

जमिनीवरची पाहणी
1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांच्या मासेमारी बंदीत बऱ्याच होड्या ओढून वर ठेवतात. तळ पाहण्याची हीच वेळ. लाकडी होडीचा पठाण, म्हणजे तळाचा कणा, आणि फळ्यांचे सांधे टोच्याने टोचून पाहावेत. भिरुडाचे भोक बाहेरून टाचणीच्या डोक्याएवढे दिसते, आत मात्र बोटाएवढी पोकळी असू शकते. नवा रंग दिसला तर जास्त सावध राहावे. 'नदीतलीच होडी, भिरूड कुठला?' हे डिचोलीतही मानू नये. उन्हाळ्यात खारे पाणी बरेच वर चढते. फायबरची होडी असल्यास लाकडी ठोकळ्याने ठोकावी. आवाज पोकळ आला तर थर सुटलेले असतात. इंजिन बसते ती मागची फळी हलते का, तेही पाहावे. होडी बांधणारा सुतार सोबत असावा.

पाण्यातली पाहणी
इंजिन आधीच गरम करून ठेवलेले नसावे. थंडच आपल्यासमोर चालू करायला सांगावे. थंड करणाऱ्या पाण्याची धार बाहेर सतत पडली पाहिजे. खालच्या गिअरचे तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. तासभर फिरवून तळात किती पाणी जमते ते पाहावे.

देखभाल
खाऱ्या पाण्यातून आल्यावर इंजिन दर वेळी गोड्या पाण्याने धुवावे. गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा निम्मा झिजला की बदलावा. पंख्याच्या दांड्याला जाळ्याचा दोरा अडकला असेल तर लगेच काढावा. तो सील कापतो. पावसाळ्यापूर्वी इंधन काढून इंजिन घरात ठेवावे. लाकडी होडी वाळवून, फटी भरून, काजूच्या टरफलाचे तेल लावावे आणि चुडतांच्या मांडवाखाली ठेवावी. मांडव हवेशीर असावा. ओल कोंडली की लाकूड कुजते.

खर्चाचा हिशेब
किमतीच्या निदान पाचव्या हिश्श्याइतकी रक्कम पहिल्या वर्षीच्या दुरुस्तीसाठी वेगळी ठेवावी, असे माझे मत आहे. त्याशिवाय माणशी एक लाइफ जॅकेट हवे. ही रक्कम हाताशी नसेल तर एक हंगाम थांबावे. होडी पुढच्या वर्षीही मिळते. व्यवहार ठरल्यावर नोंदणी, परवाना आणि विमा या तिन्हींवर आपले नाव चढेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये.