नाशिकच्या कोरीव लेखांतील कालनिर्देश

नाशिकच्या कोरीव लेखांतील कालनिर्देश : नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावरील बौद्ध लेण्यांत (पांडवलेणी) कोरलेल्या प्राकृत लेखांमध्ये वर्ष, ऋतू, पक्ष, मास व दिवस नोंदण्याची पद्धती. सातवाहन, क्षहरात क्षत्रप व आभीर अशा तीन राजवटींच्या तारखा येथे एकाच डोंगरावर वाचायला मिळतात. इ. स.च्या पहिल्या शतकांतील दख्खनचा कालक्रम ठरवताना या तारखांइतका मोलाचा आधार क्वचितच सापडतो.

लेणी व लेख : शहराच्या नैर्ऋत्येस, मुंबई–आग्रा महामार्गालगत असलेल्या या डोंगरावर २४ लेणी आहेत. क्रमांक १९ मधील सातवाहन राजा कृष्ण (कण्ह) याच्या काळातील लेख सर्वांत जुन्या लेखांपैकी आहे. त्यात राजाचे नाव व नाशिकचा उल्लेख येतो, पण तारीख नाही. कालनिर्देश असलेले महत्त्वाचे लेख क्रमांक ३, १० व २० या लेण्यांत आहेत.

सातवाहनांची पद्धती : सातवाहन लेखांत आधी राज्यवर्ष, मग ऋतू, मग त्या ऋतूचा पक्ष आणि शेवटी दिवस येतो. वर्षाचे ग्रीष्म, वर्षा व हेमंत असे तीन ऋतू, प्रत्येक ऋतू चार महिन्यांचा, म्हणजे आठ पक्षांचा. महिन्याचे नाव या साच्यात येत नाही. क्रमांक ३ मध्ये गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिच्या दानलेखाची तारीख ‘सवछरे एकुनवीसे १० ९ गिम्हाण पखे बितीये २ दिवसे तेरसे १० ३’ अशी आहे : वासिष्ठीपुत्र पुळुमावीचे १९ वे वर्ष, ग्रीष्माचा दुसरा पक्ष, दिवस तेरावा. मास पौर्णिमान्त धरून ग्रीष्माचा आरंभ चैत्रापासून मानला, तर हा दिवस चैत्र शुद्ध त्रयोदशीला येतो.

याच लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीने गोवर्धन येथील अमात्याला पाठवलेले आदेश कोरलेले आहेत. पहिल्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या भोगवट्यातील २०० निवर्तने (जमिनीचे माप) शेत भिक्षूंना दिल्याचे नमूद असून त्यावर राज्यवर्ष १८, वर्षा ऋतूचा दुसरा पक्ष, दिवस पहिला अशी तारीख आहे. २४ व्या वर्षाच्या आदेशात दोन तारखा आहेत : एक वर्षा ऋतूच्या चौथ्या पक्षाची, दुसरी ग्रीष्माच्या दुसऱ्या पक्षाची. दानपत्र तयार होणे आणि त्याची अंमलबजावणी पुरी होणे अशा दोन टप्प्यांच्या या तारखा असल्याचे मानतात. पुळुमावीच्या एका आदेशात तर ‘सव’, ‘गि’, ‘प’ व ‘दिव’ अशी संक्षिप्त रूपे वापरली आहेत. कचेरीतल्या रोजच्या लिखाणाची ही सवय थेट दगडावर उतरलेली दिसते. श्रीयज्ञ सातकर्णीच्या काळातही साचा तोच राहिला. क्रमांक २० मधील लेख त्याच्या ७ व्या वर्षी, हेमंताच्या तिसऱ्या पक्षाच्या पहिल्या दिवशीचा आहे. बरीच वर्षे अपुरे राहिलेले हे लेणे महासेनापती भवगोप याची पत्नी वासू हिने पूर्ण करवले.

क्षत्रपांची पद्धती : उषवदाताच्या क्रमांक १० मधील लेखात मांडणी वेगळी आहे. तेथे ‘वसे ४० २ वेसाख मासे’, म्हणजे वर्ष ४२, वैशाख महिना, असा निर्देश येतो. शिवाय वर्ष ४१ मधील कार्तिक शुद्ध पंधराव्या दिवसाचा उल्लेख आहे. ऋतूच्या जागी महिना आणि पक्षासाठी ‘सुध’ हा शब्द, अशी ही रीत आजच्या मराठी पंचांगातील शुद्ध–वद्य पद्धतीच्या जवळ आहे. या लेखात ३,००० कार्षापणांची (नाण्यांची) कायम ठेव नोंदली आहे. त्यांपैकी २,००० कार्षापण कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे (व्यवसायसंघाकडे) दरमहा शेकडा एक, तर १,००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने ठेवले होते. मुद्दल कधीच मोडायचे नाही आणि व्याज पिढ्यान्‌पिढ्या चालायचे, अशा व्यवहारात तारखेला व्यावहारिक वजन होते. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदवल्याचेही लेखात म्हटले आहे.

अंक : बऱ्याच ठिकाणी संख्या आधी शब्दात आणि लगेच अंकात दिली आहे, आज धनादेशावर रक्कम लिहितात तशी. हे ब्राह्मी अंक स्थानमूल्याचे नाहीत आणि त्यांत शून्य नाही. दहा, वीस, चाळीस, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे असल्याने १८ ही संख्या दहाचे व आठचे चिन्ह शेजारी ठेवून लिहिली जाते. भारतीय अंकांच्या इतिहासात नाशिकच्या अंकांना म्हणूनच मानाचे स्थान आहे.

इतर पद्धतींशी तुलना : नाशिकच्या लेखांत क्रम मोठ्या एककाकडून लहानाकडे जातो. आजच्या मराठीत ‘१ मे १९६०’ असा उलटा क्रम रूढ आहे. स्पॅनिश भाषेतही दिवस, महिना, वर्ष हाच क्रम असून त्यांच्यामध्ये ‘दे’ हे अव्यय येते. तेथे महिन्याच्या पहिल्या दिवसासाठी क्रमवाचक ‘प्रिमेरो’ही चालते, बाकीच्या दिवसांना मात्र साधी संख्याच वापरतात. नाशिकला ‘प्रथमे’, ‘पचमे’ अशी क्रमवाचक रूपे कोणत्याही दिवसाला चालतात.

वर्षगणनेचा प्रश्न : आज शालिवाहन शक म्हणून ओळखली जाणारी, इ. स. ७८ पासून मोजली जाणारी गणना सातवाहनांच्या या लेखांत नाही. त्यांनी आपापली राज्यवर्षेच मोजली. नहपानाची ४१, ४२, ४५ ही वर्षे शकाची की त्याच्या राज्याची, यावर विद्वानांत मतभेद आहेत. जुन्नरच्या लेखात त्याचे ४६ वे वर्ष येते. ही वर्षे शकाची मानली, तर ४६ वे वर्ष इ. स. १२४ च्या सुमारास पडते आणि गौतमीपुत्राचे १८ वे वर्ष त्याच्या लगत ठेवावे लागते. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये मिळालेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांच्या साठ्यात नहपानाच्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला आहे. त्यामुळे या दोघांचा क्रम निश्चित होतो.

पुढील काळ : क्रमांक १० मध्येच आभीर राजा ईश्वरसेनाचे ९ वे वर्ष, ग्रीष्माचा चौथा पक्ष, दिवस तेरावा अशी तारीख आहे. आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी विष्णुदत्ता या उपासिकेने श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवीचा हा लेख आहे. राज्य आभीरांचे असले तरी तारखेचा साचा सातवाहनांचाच राहिला. इ. स. २४८–४९ पासून मोजला जाणारा कलचुरी संवत् आभीरांनी सुरू केला, असे वा. वि. मिराशी यांचे मत आहे. जिल्ह्यातील अंजनेरीच्या भोगशक्तीच्या ताम्रपटावर याच संवताचे ४६१ हे वर्ष आहे. वणी येथे मिळालेला राष्ट्रकूट तिसरा गोविंद याचा ताम्रपट मात्र शक ७३० चा आहे. तोवर या प्रदेशात शकगणना रुळली होती.

अभ्यास : भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात या लेखांचे वाचन केले. एमिल सेनार यांची प्रमाण मानली जाणारी आवृत्ती एपिग्राफिया इंडिकाच्या आठव्या खंडात प्रसिद्ध झाली. मिराशी यांनी सातवाहन व पश्चिमी क्षत्रपांच्या लेखांवर मराठीत ग्रंथ लिहून हे साहित्य मराठी वाचकांसाठी खुले केले.

महत्त्व : या तारखा इसवी सनात मांडताना प्रत्येक वेळी एक गृहीतक स्वीकारावे लागते. म्हणून लेखातील राज्यवर्ष, ऋतू, पक्ष व दिवस मूळ स्वरूपात आधी द्यावेत आणि इसवी सनाचा अंदाज त्यापासून वेगळा, गृहीतकासह नोंदवावा, हीच या लेखांचा संदर्भ देण्याची योग्य रीत होय.